अमिबा आणि अमिबासदृश एकपेशीय जीव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमिबा म्हणजे नेमके काय?

जी एकटी पेशी आपल्या देहाचा काही भाग हवा तेव्हा बाहेर काढून, म्हणजेच छद्मपाद निर्माण करून, सरकते आणि त्याच छद्मपादांनी अन्नाला वेढा घालते, तिला ढोबळमानाने अमिबा म्हटले जाते. तिच्यात केंद्रक असते, पेशीद्रव्य असते आणि त्याभोवती लवचीक पटल असते. बहुतेक अमिबांमध्ये या पटलाबाहेर ताठ भित्तिका नसते आणि म्हणूनच त्यांचा आकार क्षणाक्षणाला बदलू शकतो. ही व्याख्या पेशी कशी दिसते आणि कशी वागते एवढेच सांगते, तिची वंशावळ सांगत नाही. या विषयातील बहुतेक गोंधळ याच फरकाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे निर्माण होतो.

'अमिबा' हे एका जातीचे नाव आहे, प्रजातीचे की मोठ्या गटाचे?

हा शब्द तीन वेगवेगळ्या अर्थांनी वापरला जातो. अमिबा नावाची एक प्रजाती (जवळच्या जातींचा गट, इंग्रजीत जीनस) आहे आणि अमिबा प्रोटियस ही तिच्यातील सर्वांत परिचित जाती आहे. शालेय पुस्तकांतील आकृती बहुधा हिचीच असते. दुसरा अर्थ अमिबोझोआ या मोठ्या गटाचा, ज्यात ही प्रजाती आणि तिचे खरे नातलग मोडतात. तिसरा आणि सर्वांत सैल अर्थ म्हणजे छद्मपादांनी सरकणारी कोणतीही पेशी, मग ती कोणत्याही वंशातील असो. वृत्तपत्रांतील 'अमिबा' हा जवळजवळ नेहमी या तिसऱ्या अर्थाचा असतो.

हे नाव कोणी दिले?

ऑगस्ट योहान र्योझेल फॉन रोझेनहोफ या जर्मन लघुचित्रकार व निसर्गनिरीक्षकाने १७५५ मध्ये अशा जीवाचे पहिले सचित्र वर्णन केले आणि रूपे पालटणाऱ्या ग्रीक समुद्रदेवतेवरून त्याला 'छोटा प्रोटियस' असे संबोधले. लिनियसच्या यादीत तो पुढे केऑस या नावाने आला. 'बदल' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून बोरी द सँ-व्हँसाँ या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १८२२ मध्ये प्रजातीचे नाव तयार केले आणि एरेनबर्गने १८३० मध्ये त्याचे वर्णलेखन बदलून ते आजच्या रूपात आणले. प्रोटियस, केऑस आणि अमिबा ही तिन्ही नावे आकाराच्या अस्थिरतेकडेच बोट दाखवतात. पाहणाऱ्यांना पहिल्यापासून आकारच दिसत होता आणि वर्गीकरणही पुढची दोनशे वर्षे बऱ्याच अंशी आकारावरच चालले.

अमिबा हा प्राणी आहे का?

नाही. पूर्वी सजीवांचे प्राणी आणि वनस्पती असे दोनच कप्पे होते, तेव्हा हालचाल करणारा व अन्न गिळणारा अमिबा प्राण्यांत, 'आदिजीव' म्हणून, टाकला गेला. एर्न्स्ट हेकेलने १८६६ मध्ये प्रोटिस्टा ही तिसरी सृष्टी सुचवली आणि व्हिटेकरने १९६९ मध्ये मांडलेल्या पंचसृष्टी पद्धतीतही अमिबा प्रोटिस्टामध्येच राहिला. आज प्रोटिस्टा हा शब्द सोयीपुरता वापरला जातो. प्राणी, वनस्पती आणि कवक वगळून उरलेले सगळे दृश्यकेंद्रकी (पेशीत स्पष्ट केंद्रक असलेले) जीव म्हणजे प्रोटिस्टा, आणि 'उरलेले सगळे' या पायावर उभा असलेला गट नैसर्गिक असू शकत नाही.

सार्कोडिना हा संघ आम्ही अभ्यासात शिकलो होतो. तो आता का दिसत नाही?

आदिजीवांची जुनी विभागणी हालचालीच्या साधनांवर आधारलेली होती. छद्मपाद असलेले ते सार्कोडिना, कशाभिका (चाबकासारखे लांब तंतू) असलेले ते मॅस्टिगोफोरा, रोमके (आखूड केसांसारखे तंतू) असलेले ते सिलिओफोरा आणि हालचालीचे खास अवयव नसलेले परजीवी ते स्पोरोझोआ. ही विभागणी लक्षात ठेवायला फार सोपी होती, आणि तिच्या दीर्घायुष्याचे तेही एक कारण असावे.

अडचण अशी होती की छद्मपाद काढणे ही काही एकाच वंशाची मक्तेदारी नाही. केंद्रकयुक्त पेशींच्या आत ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे तंतू असतात आणि त्यांची उभारणी व मोडतोड करण्याची यंत्रणा अतिप्राचीन आहे. ती यंत्रणा हाताशी असलेल्या कोणत्याही वंशाने ताठ भित्तिका टाकून दिली किंवा मुळात घेतलीच नाही, तर अमिबासारखे सरकणे त्याच्या आवाक्यात येते. नेग्लेरियासारखे जीव तर अमिबा आणि कशाभिकाधारी अशा दोन्ही रूपांत वावरतात, त्यामुळे जुन्या पद्धतीत त्यांना कोणत्या कप्प्यात ठेवावे हाच प्रश्न होता. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तंतुकणिकांच्या आतील घड्यांचे आकार पाहिल्यावर सार्कोडिनात निरनिराळे वंश मिसळले असल्याची शंका बळावली. त्यानंतर रायबोसोममधील आरएनएचा आणि पुढे शेकडो जनुकांचा क्रम ताडून पाहता आला, तेव्हा हा संघ टिकणारच नव्हता. आंतरराष्ट्रीय प्रोटिस्ट-अभ्यासकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि २०१२ व २०१९ मध्ये सुधारलेल्या वर्गीकरणात सार्कोडिना नाही. वटवाघूळ, चिमणी आणि फुलपाखरू यांना 'पंखवाले' म्हणून एका संघात घालावे, तसा तो संघ होता.

मग आजच्या वर्गीकरणात हे जीव कुठे कुठे विखुरले आहेत?

सर्वांत मोठा वाटा अमिबोझोआ या गटाचा आहे. रुंद, बोथट छद्मपादांचे अमिबा प्रोटियस व केऑस, चपट्या देहाचे अकँथामिबा, आतड्यात राहणारे एन्टामिबा, चिखलातील पेलोमिक्सा आणि एकेकाळी कवकांत गणले जाणारे श्लेष्मकवक हे सगळे याच गटातले आहेत.

दुसरा मोठा गट ऱ्हायझेरिया. यातील जीवांचे छद्मपाद बारीक धाग्यांसारखे, जाळीदार किंवा ताठ किरणांसारखे असतात. समुद्रातील फोरॅमिनिफेरा आणि रेडिओलॅरिया हे यातील सर्वांत प्रसिद्ध सदस्य आहेत. तिसरा गट हेटेरोलोबोसिया, ज्यात नेग्लेरिया येतो. त्याचे जवळचे नातलग अमिबांमध्ये नसून युग्लिनाच्या बाजूला आहेत. न्यूक्लिएरिया हा धागेदार छद्मपादांचा अमिबा कवकांचा निकटचा आप्त ठरला आहे. सूर्यासारखे किरण पसरणारे 'हेलिओझोआ' हा जुना गटही असाच फुटला आणि त्याचे सदस्य वेगवेगळ्या वंशांत वाटले गेले.

या मांडणीतील एक निष्कर्ष पहिल्यांदा ऐकताना खटकतो. अमिबोझोआ हा गट प्राणी व कवक यांच्या गटाला जवळचा आहे आणि त्या दोघांना मिळून अमॉर्फिया असे नाव आहे. म्हणजे सध्याच्या पुराव्यानुसार अमिबा प्रोटियसचे नाते नेग्लेरियापेक्षा माणसाशी अधिक जवळचे आहे, जरी सूक्ष्मदर्शकाखाली पहिले दोघे सख्खी भावंडे वाटली तरीही.

पॅरामेशियम आणि युग्लिना अमिबाचे नातलग आहेत का?

जवळचे नाहीत. पॅरामेशियम रोमकधारी गटातला आहे आणि हिवतापाच्या परजीवीशी त्याचे नाते अमिबापेक्षा जवळचे आहे. युग्लिनाचा वंश तिसराच आहे. पुस्तकात ही तिन्ही चित्रे एका पानावर येतात, एवढाच त्यांचा संबंध.

छद्मपादांवरून जाती ओळखता येते का?

जाती नाही, पण गटाचा अंदाज निश्चित येतो. बोटासारखे जाड व बोथट छद्मपाद प्रामुख्याने अमिबोझोआमध्ये दिसतात. बारीक धाग्यासारखे छद्मपाद अनेक वंशांत आढळतात. एकमेकांत मिसळून जाळे विणणारे छद्मपाद हे फोरॅमिनिफेराचे वैशिष्ट्य आहे. आतून सूक्ष्मनलिकांच्या दांडीने ताठ झालेले किरण रेडिओलॅरिया आणि 'हेलिओझोआ' म्हटल्या जाणाऱ्या जीवांत असतात. नेग्लेरियाचा बोथट छद्मपाद मात्र संथपणे वाहत न येता फुगवटा फुटल्यासारखा एकदम बाहेर येतो आणि अनुभवी निरीक्षक एवढ्यावरून त्याला अमिबोझोआपासून वेगळा काढतात. त्या फुगवट्याची दखल घेण्यासाठी स्थिर आकृती पुरत नाही, जिवंत जीव काही मिनिटे पाहावा लागतो.

पाय नाहीत, स्नायू नाहीत, तर अमिबा पुढे सरकतो कसा?

अमिबा प्रोटियसच्या देहात पेशीद्रव्याचे दोन थर स्पष्ट दिसतात. बाहेरचा थर पारदर्शक व घट्टसर, तर आतला कणीदार आणि वाहता. सरकताना आतले पेशीद्रव्य मधून पुढे वाहते, टोकाशी पोहोचल्यावर कारंज्यासारखे बाजूंना वळते आणि तिथे घट्ट होऊन नळीच्या भिंतीचा भाग बनते. शेपटाकडच्या बाजूला हीच भिंत पुन्हा पातळ होऊन प्रवाहात मिसळते. पुढे सतत भिंत बांधणे आणि मागे ती मोडणे, अशी ही चाल आहे.

घट्ट होणे व पातळ होणे हे ॲक्टिनच्या तंतूंच्या जुळण्यावर आणि सुटण्यावर अवलंबून असते, तर ताण मायोसिन देते. आपल्या स्नायूंत काम करणारी प्रथिनांची जोडीही हीच. प्रवाहाला जोर मागच्या टोकाच्या आकुंचनाने मिळतो की पुढच्या टोकाशी होणाऱ्या ओढीने, यावर विसाव्या शतकात बराच वाद झाला. आज असे मानले जाते की निरनिराळ्या पेशी या दोन्ही युक्त्या कमीअधिक प्रमाणात वापरतात. अमिबासारखे सरकण्यासाठी ॲक्टिन अपरिहार्यच आहे असेही नाही, कारण गोलकृमींच्या शुक्रपेशी छद्मपाद काढून सरकतात, पण त्यांनी त्यासाठी वेगळेच प्रथिन वापरात आणले आहे.

तोंड नसताना तो खातो कसा?

जीवाणू, शैवाले किंवा लहान आदिजीव जवळ आला की छद्मपाद त्याच्याभोवती पेल्यासारखे उभे राहतात, त्यांच्या कडा जुळतात आणि भक्ष्य थोड्या पाण्यासह आत बंद होते. ही झाली अन्नरिक्तिका. तिच्यात लयकारिकांमधील विकरे मिसळतात, आतले माध्यम आम्ल होते आणि पचलेले अन्न पेशीद्रव्यात शोषले जाते. न पचलेला भाग पटलाच्या कोणत्याही ठिकाणाहून मागे टाकला जातो. विरघळलेले पदार्थ अमिबा अतिसूक्ष्म घोटांनीही घेतो. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी जीवाणूंना जवळपास याच पद्धतीने गिळतात. एली मेचनिकॉफला १९०८ मध्ये ज्या कामासाठी नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, ते या भक्षणक्रियेवरचेच होते.

संकोची रिक्तिका उत्सर्जनासाठी असते का?

तिचे मुख्य काम पाणी बाहेर फेकणे हे आहे. गोड्या पाण्यापेक्षा पेशीतील द्राव अधिक संहत असल्यामुळे परासरणाने पाणी सतत आत शिरते आणि ते वेळोवेळी बाहेर काढले नाही तर पेशी फुटेल. समुद्री अमिबांमध्ये ही रिक्तिका सहसा नसते आणि यातच प्रश्नाचे उत्तर आहे. अमोनियासारखी टाकाऊ द्रव्ये बहुतांशी थेट पटलातून विसरणाने निघून जातात.

अमिबा फक्त दुभंगूनच वाढतो का? त्याला अमर म्हणणे योग्य आहे का?

अमिबा प्रोटियसच्या बाबतीत द्विविभाजन हीच एकमेव खात्रीने पाहिलेली पद्धत आहे. आधी केंद्रकाचे सूत्री विभाजन होते, मग देह मधोमध आकसतो आणि दोन पेशी वेगळ्या होतात. मात्र यावरून सर्वच अमिबांना अलैंगिक ठरवणे बरोबर नाही. श्लेष्मकवकांमध्ये लैंगिक चक्र चांगले अभ्यासलेले आहे आणि फोरॅमिनिफेरांत लैंगिक व अलैंगिक पिढ्या आलटून पालटून येतात. ज्यांच्यात लैंगिक क्रिया कोणी पाहिलेली नाही अशा अनेकांच्या जनुकसंचांतही अर्धसूत्री विभाजनासाठी लागणारी जनुके शाबूत सापडली आहेत. त्यामुळे अमिबांचा पूर्वज लैंगिक होता आणि काही वंशांत ती क्रिया नंतर लुप्त किंवा दुर्मीळ झाली, हे मत आता अधिक ग्राह्य धरले जाते.

अमरत्वाची कल्पना एकोणिसाव्या शतकात ऑगस्ट वाइझमानने मांडली होती. दुभंगणाऱ्या पेशीचे प्रेत मागे उरत नाही एवढ्यापुरती ती खरी आहे. उपासमार, उष्णता, विषाणू आणि भक्षक यांमुळे अमिबा रोजच मरत असतात.

पुटी म्हणजे काय?

पाणी आटले, अन्न संपले किंवा तापमान प्रतिकूल झाले की अनेक अमिबा गोल होतात, पाणी कमी करतात आणि भोवती टणक आवरण तयार करतात. या सुप्त अवस्थेला पुटी म्हणतात. अकँथामिबाची पुटी दुहेरी भित्तिकेची असते आणि कोरडेपणा व अनेक जंतुनाशके सहन करून दीर्घकाळ टिकते. एन्टामिबाची पुटीच एका माणसाकडून दुसऱ्याकडे रोग नेते, कारण त्याची सक्रिय अवस्था शरीराबाहेर फार काळ जगत नाही. पुष्कळ पुस्तकांत पुटीची आकृती अमिबा प्रोटियसच्या नावाने छापलेली असते. प्रत्यक्षात अकँथामिबा जशी नेमाने पुटी तयार करतो तसा अमिबा प्रोटियस करताना दिसत नाही, आणि त्या आकृत्या अधिक सावधपणे छापायला हव्या होत्या.

सर्वांत मोठा अमिबा किती मोठा असतो?

अमिबा प्रोटियस साधारण पाव ते पाऊण मिलिमीटर लांब असतो. केऑस कॅरोलिनेन्स आणि पेलोमिक्सा पॅलुस्ट्रिस हे अनेक केंद्रकांचे अमिबा काही मिलिमीटरपर्यंत वाढतात आणि नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. खोल समुद्राच्या तळाशी राहणारे झेनोफायोफोर हे फोरॅमिनिफेरा तर वीस सेंटिमीटरपर्यंत पोहोचतात, मात्र त्यांच्या देहाचा बराचसा भाग त्यांनी चिकटवून घेतलेल्या गाळाच्या कणांचा असतो. दुसऱ्या टोकाला, काही अमिबा जेमतेम काही मायक्रोमीटरचे असतात.

अमिबाचा जनुकसंच माणसापेक्षा दोनशे पट मोठा आहे, हे खरे का?

हा दावा पॉलिकेऑस डुबियम या अमिबाविषयी आहे. त्याच्यासाठी ६७० अब्ज आधारजोड्या असा आकडा दिला जातो, तर माणसाचा आकडा सुमारे ३ अब्ज आहे. मात्र ते मोजमाप १९६० च्या दशकातील आहे. त्यात संपूर्ण पेशीतील डीएनए रासायनिक पद्धतीने मोजला गेला होता, आणि अशा वेळी गिळलेल्या अन्नाचा किंवा आत राहणाऱ्या जीवाणूंचा डीएनएही मोजणीत येतो. शिवाय अनेक अमिबांमध्ये एकाच केंद्रकात जनुकसंचाच्या कितीतरी प्रती असू शकतात. त्यामुळे हा आकडा विक्रम म्हणून सांगू नये. डिक्टिओस्टेलियम डिस्कॉइडियम या श्लेष्मकवकाचा जनुकसंच २००५ मध्ये वाचून झाला आणि तो सुमारे ३.४ कोटी आधारजोड्यांचा, म्हणजे माणसाच्या मानाने अगदी आटोपशीर, निघाला.

काही अमिबांना कवच असते, ते कशाचे?

आर्सेला स्वतःच सेंद्रिय पदार्थाचे बशीसारखे कवच स्रवतो. डिफ्लुजिया वाळूचे कण गिळून साठवतो आणि ते जोडून सुरईसारखे घर बांधतो. फोरॅमिनिफेरांची कवचे बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटची, तर बहुसंख्य रेडिओलॅरियांचे सांगाडे सिलिकाचे असतात. ही कवचे तळाशी साचून खडक बनतात. गिझाच्या पिरॅमिडसाठी वापरलेल्या चुनखडकात न्युम्युलाइट या नाण्यासारख्या फोरॅमिनिफेरांचे जीवाश्म ठासून भरले आहेत. कवचातील ऑक्सिजनच्या जड व हलक्या समस्थानिकांचे प्रमाण मोजून प्राचीन समुद्राचे तापमान आणि ध्रुवीय बर्फाचे प्रमाण यांचा अंदाज बांधता येतो. हिमयुगांच्या इतिहासाचा मोठा भाग आपल्याला याच मार्गाने कळला आहे.

कवचधारींमध्ये पॉलिनेला क्रोमॅटोफोरा याचा उल्लेख स्वतंत्रपणे करावा लागतो. या अमिबाच्या पूर्वजाने अंदाजे दहा कोटी वर्षांपूर्वी एक नीलहरित जीवाणू आत घेतला आणि न पचवता कायमचा ठेवून घेतला. वनस्पतींच्या हरितलवकांचा उगम अशाच एका घटनेतून शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी झाला होता. पॉलिनेलामध्ये तीच वाटचाल नव्याने व स्वतंत्रपणे सुरू झालेली दिसते.

अमिबा आणि जीवाणू यांची अशी भागीदारी प्रयोगशाळेत पाहिली गेली आहे का?

होय. क्वांग जॉन यांच्या प्रयोगशाळेत १९६६ मध्ये अमिबा प्रोटियसच्या एका संवर्धनाला जीवाणूंचा संसर्ग झाला. बहुतेक अमिबा मेले, पण काही वाचले. जॉन यांनी ही पिलावळ फेकून न देता वर्षानुवर्षे सांभाळली. काही वर्षांनी केंद्रकांची अदलाबदल करून पाहिले असता असे आढळले की या अमिबांचे केंद्रक आता त्या जीवाणूंवाचून तग धरू शकत नाही. ज्याने आधी जीव घेतला त्याच्याविना आता जगणे अशक्य झाले होते, आणि हे सारे एका संशोधकाच्या कारकिर्दीच्या अवधीत घडले.

श्लेष्मकवक हे अमिबा कसे? ते तर बुरशीसारखे दिसतात.

डिक्टिओस्टेलियम मातीत सुटा अमिबा म्हणून जगतो आणि जीवाणू खातो. उपासमार सुरू झाली की पेशी सायक्लिक एएमपी या रेणूचे स्पंदन सोडू लागतात, शेजारच्या पेशी त्या दिशेने सरकतात आणि स्वतःही तोच रेणू सोडतात, त्यामुळे संदेशाच्या लाटा पसरत जातात. कधी कधी लाखभर पेशी एकत्र येऊन एक लहानशी गोगलगाईसारखी सरकणारी गाठ तयार होते आणि शेवटी देठावर बीजाणूंची गोळी उभी राहते. एकूण पेशींपैकी सुमारे एकपंचमांश देठ बनून मरतात, उरलेल्या बीजाणू होतात. कोण मरणार आणि कोण उरणार, या प्रश्नामुळे हा अमिबा सहकार्याच्या उत्क्रांतीचा अभ्यास करणाऱ्यांचा आवडता झाला आहे.

फायसॅरम या दुसऱ्या श्लेष्मकवकाची गोष्ट निराळी आहे. त्यात पेशी एकत्र जमत नाहीत, तर एकच पेशी असंख्य केंद्रकांसह पिवळ्या जाळ्यासारखी पसरते. जपानी संशोधक तोशियुकी नाकागाकी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवले की चक्रव्यूहाच्या दोन तोंडांशी अन्न ठेवले तर हे जाळे आडमार्ग सोडून सर्वांत लहान वाटेवर उरते. याला 'बुद्धी' म्हणावे का, हा शब्दाचा वाद आहे. जास्त रस वाहणाऱ्या नळ्या जाड होतात आणि कमी वाहणाऱ्या आकसतात, एवढ्या स्थानिक नियमातून हे उत्तर निघते.

एन्टामिबामुळे होणारा आमांश आणि साधा जुलाब यांत फरक काय? तपासणीत एन्टामिबा दिसला म्हणजे रोग आहेच का?

एन्टामिबा हिस्टोलिटिका मोठ्या आतड्याच्या अस्तरात घुसून व्रण करतो, त्यामुळे शौचातून रक्त व आव पडते. काही रुग्णांत तो रक्तावाटे यकृतात पोहोचून गळू निर्माण करतो. सेंट पीटर्सबर्गमध्ये फ्योदर ल्योश यांनी १८७५ मध्ये रुग्णाच्या शौचात हा अमिबा प्रथम नोंदवला. तो पेशींचे लचके तोडून त्यांना मारतो, हे २०१४ मध्ये स्पष्ट झाले.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. एन्टामिबा डिस्पार ही जाती सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब हिस्टोलिटिकासारखी दिसते, पण ती आतड्यात निरुपद्रवीपणे राहते. एमिल ब्रुम्प्ट यांनी १९२५ मध्येच तिचे वेगळेपण सुचवले होते, तरी ते मान्य व्हायला १९९३ उजाडावे लागले. पूर्वी 'बाधित' म्हणून मोजलेल्या लोकांपैकी बहुसंख्यांमध्ये डिस्पारच होता. केवळ पुटीवरून दोहोंत निवड करता येत नाही, त्यासाठी प्रतिजन किंवा डीएनएची तपासणी लागते. एन्टामिबा कोलाय हा आणखी एक निरुपद्रवी रहिवासी आहे. त्याच्या पक्व पुटीत आठ केंद्रके असतात, हिस्टोलिटिकाच्या पुटीत चार. एश्चेरिशिया कोलाय हा जीवाणू असून नावातील 'कोलाय' पलीकडे त्याचा याच्याशी संबंध नाही.

वर्गीकरणाच्या दृष्टीनेही एन्टामिबाने एकदा सर्वांना चकवले आहे. त्यात तंतुकणिका दिसत नसल्याने, तंतुकणिका अस्तित्वात येण्यापूर्वीच्या आदिम पेशींचा तो वारस आहे असे मानले जाई. १९९९ मध्ये त्याच्यात तंतुकणिकेचा झिजून उरलेला सूक्ष्म अवशेष सापडला. ज्याला आदिम समजले जात होते, तो प्रत्यक्षात बराच काही गमावून बसलेला परजीवी निघाला.

'मेंदू खाणारा अमिबा' कोणता? तो पिण्याच्या पाण्यातून होतो का?

तो नेग्लेरिया फाउलेरी. ऑस्ट्रेलियातील माल्कम फाउलर आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९६५ मध्ये या आजाराचे रुग्ण प्रसिद्ध केले आणि जातीला पुढे त्यांचेच नाव मिळाले. हा जीव कोमट गोड्या पाण्यात व मातीत जीवाणूंवर जगतो आणि सुमारे ४६ अंश सेल्सिअसपर्यंतची उष्णता सोसतो. पाणी गिळल्याने हा आजार होत नाही. पाणी जोराने नाकात गेले, तरच अमिबा गंधचेतांच्या वाटेने मेंदूपर्यंत जाऊ शकतो. म्हणून पोहणे, सूर मारणे आणि न उकळलेल्या पाण्याने नाक धुणे या प्रसंगांत धोका संभवतो. नाक धुण्यासाठी उकळून गार केलेले किंवा निर्जंतुक पाणीच वापरावे.

आजार अत्यंत विरळ आहे, पण झाल्यास बहुधा प्राणघातक ठरतो. अमेरिकेत १९६२ ते २०२३ या काळात नोंदलेल्या १६४ रुग्णांपैकी केवळ ४ वाचले. पाण्याशी संपर्क आल्यानंतर काही दिवसांत तीव्र डोकेदुखी, ताप, उलट्या आणि मान ताठ होणे अशी लक्षणे दिसल्यास तो संपर्क वैद्यांना तातडीने सांगणे आवश्यक आहे. या जीवाचा मेंदूवर काही खास रोख नसतो. माणूस त्याच्या जीवनचक्राचा भागच नाही आणि मेंदूत पोहोचलेला अमिबा तिथून पुढे कुठेही पसरत नाही.

अकँथामिबा आणि बॅलमुथिया यांचा धोका कोणाला?

अकँथामिबा माती, नळाचे पाणी, धूळ अशा जवळजवळ सर्व ठिकाणी असतो आणि आपला त्याच्याशी रोज संपर्क येतो. त्रास मुख्यतः संपर्कभिंगे वापरणाऱ्यांना होतो. भिंगे नळाच्या पाण्यात धुतल्यास किंवा ती घालून पोहल्यास पारपटलाला वेदनादायक संसर्ग होऊ शकतो, आणि पुटी चिवट असल्यामुळे उपचार महिनोन्महिने चालतात. प्रतिकारशक्ती खालावलेल्यांत तो मेंदूपर्यंतही जातो. बॅलमुथिया १९८६ मध्ये मरण पावलेल्या एका मँड्रिल माकडाच्या मेंदूत प्रथम सापडला. तोही मातीतला आहे, आणि तो प्रतिकारशक्ती चांगली असलेल्यांनाही क्वचित बाधतो.

अकँथामिबाचे अप्रत्यक्ष महत्त्व याहून मोठे असावे. न्यूमोनिया करणारा लेजिओनेला जीवाणू अमिबांच्या आत वाढतो, हे टिमोथी रोबोथम यांनी १९८० मध्ये दाखवले. अमिबाच्या पोटात पचनातून निसटण्याची तालीम झालेला जीवाणू आपल्या भक्षक पेशींनाही त्याच डावांनी चकवतो. तसेच १९९२ मध्ये ब्रॅडफर्ड येथील शीतकरण मनोऱ्याच्या पाण्यातील अमिबांमध्ये जो 'जीवाणू' दिसला होता, तो प्रत्यक्षात महाकाय विषाणू असल्याचे २००३ मध्ये उघड झाले. त्याला मिमिव्हायरस म्हणतात.

घरच्या सूक्ष्मदर्शकाखाली अमिबा पाहायचा असेल तर काय करावे?

तळ्यातील वरचे स्वच्छ पाणी घेऊ नये. तळाशी कुजणाऱ्या पानांवरचा सैल गाळ थोड्या पाण्यासह उथळ बशीत घ्यावा आणि तो एक-दोन दिवस मंद उजेडात झाकून ठेवावा. तळाला घासून काढलेला थेंब काचपट्टीवर ठेवून आधी शंभर पट विवर्धनाखाली, प्रकाश बराच कमी करून, पाहावा. भरपूर प्रकाशात पारदर्शक अमिबा दिसतच नाही आणि बहुतेकांची पहिली निराशा यामुळेच होते. काचपट्टी नुकतीच हलवलेली असेल तर तो आक्रसून गाळाच्या कणासारखा पडून असतो, म्हणून एका ठिकाणी पाच-दहा मिनिटे तरी नजर ठेवावी. कणीदार प्रवाह सुरू झाला की शंका उरत नाही. जाती ओळखण्याची घाई मात्र करू नये. छद्मपाद बोथट आहे की धागेदार, प्रवाह संथ आहे की फुगवटे एकदम फुटतात, केंद्रक एक आहे की अनेक आणि संकोची रिक्तिका किती वेळाने रिकामी होते, हे वेळेसह टिपून ठेवावे. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत आणि ते नमुन्याचे पाणी डोळे व नाक यांपासून दूर ठेवावे.